बाणाच्या कळीमागचे तीन बाइट

टर्मिनलमध्ये वरचा बाण दाबला, तरी शेलला ‘बाण’ असं काही दिसत नाही. त्याच्याकडे सहसा तीन बाइट येतात: एस्केप (क्रमांक 27), डावा चौकोनी कंस आणि कॅपिटल ए. ही रीत 1978 च्या व्हीटी-100 टर्मिनलची. ते यंत्र कधीच मोडीत निघालं, बोली मात्र टिकली.

खात्री करायचीय? बॅश या शेलमध्ये कंट्रोल-व्ही दाबून मग बाण दाबा. टोपीचं चिन्ह, दोन कंस आणि ए उमटेल. टोपी आणि पहिला कंस म्हणजे एस्केप.

बॅशमध्ये या बाइटांचा अर्थ लावते रीडलाइन ही लायब्ररी. होम फोल्डरमध्ये डॉट-इनपुटआरसी नावाच्या फाइलीत अवतरणचिन्हांत बाइटक्रम, मग कोलन, मग काम लिहायचं; एस्केपसाठी उलटी तिरकी रेघ आणि छोटा ई. वरच्या बाणाला ‘हिस्ट्री-सर्च-बॅकवर्ड’ हे काम द्या. मग ‘गिट’ टाइप करून बाण दाबलात, की गिटपासून सुरू होणाऱ्या जुन्या आज्ञाच येतात. माझ्या मते हे मुळातच असायला हवं होतं!

बदल लगेच हवा असेल तर कंट्रोल-एक्स, कंट्रोल-आर. झेडशेलवाल्यांनी मात्र ही फाइल लिहू नये. तिथे रीडलाइन नसते, ‘बाइंडकी’ ही आज्ञा वापरावी लागते.