पेट्रोल वाचविणारा चुंबक

पेट्रोलच्या नळीवर लोहचुंबक बसविला की इंधन पूर्णपणे जळते व खर्च घटतो, अशी जाहिरात केली जाते. टॅक्सीवर पोट भरणाऱ्यास हे आमिष सहज पटते. परंतु सुस्थितीतील इंजिनात जवळजवळ सर्व पेट्रोल जळतेच. वाया जाते ती उष्णता, सायलेन्सर व रेडिएटर यांच्या वाटे. तेथे चुंबकाचा काय इलाज? १९७० साली स्थापन झालेल्या अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी १०० हून अधिक साधने पारखली. फार थोड्यांत बचत आढळली, तीही किंचित. काहींनी तर धुरातील दूषित वायू वाढविले. तरीही बचत झाल्याचे सांगणारे गृहस्थ खोटे बोलतात असे नव्हे. साधन बसविल्यावर मन हिशेबाकडे लागते आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय नकळत हलका पडतो.