खड्डा कोणता, ते आधी पाहू

मंडळी, मुरमांच्या खोल खड्ड्यांवर सगळ्यात प्रभावी उपचार कोणता, असं इथे छावणीत तरुण मुलं-मुली आम्हाला विचारतात. आम्ही तत्त्वज्ञानाचे मास्तर, डॉक्टर नव्हे. पण या प्रश्नातच एक गृहीतक लपलंय: सगळे खड्डे एकच.

तसं नसतं. सुईने टोचल्यासारखा अरुंद, खोल खड्डा असेल तर डॉक्टर त्याच्या तळाशी टीसीए या आम्लाचा थेंब लावतात. घरी हा प्रयोग नको! त्वचा लाटांसारखी उंचसखल असेल, तर आतले तंतू तिला खाली ओढून धरतात. ते सुईने सोडवायचे, याला सबसिजन म्हणतात. रुंद, उभ्या कडांच्या खड्ड्यांना मायक्रोनीडलिंग किंवा फ्रॅक्शनल लेझर. एकाच गालावर तिन्ही प्रकार असू शकतात, मग उपचारही एकत्र करावे लागतात. आणि नुसता सपाट काळा डाग हा खड्डा नव्हेच.

नवे मुरूम येत असतील तर आधी ते थांबवायचे. आपल्या सावळ्या त्वचेवर लेझरनंतर काळे डाग उमटू शकतात, म्हणून उन्हापासून जपायचं. नवं कोलाजेन तयार व्हायला काही महिने जातात. खड्डे उथळ होतात, पूर्ण पुसले जाण्याची हमी नसते.

तेव्हा आपल्या घाटी रुग्णालयात जा की खासगीत, त्वचारोगतज्ज्ञांना पहिला प्रश्न हा विचारा: ‘माझे खड्डे कोणत्या प्रकारचे?’ त्याचं उत्तर न देता कुणी थेट पॅकेज सांगू लागलं, तर खुशाल उठून या.