उकिरड्यापासून बॉयलरपर्यंत

सोलापूर-विजयपूर रस्त्यावर मंद्रूप लागतं. या पट्ट्यात भुईमुगाच्या शेंगा घरात फोडल्या जात, तोवर टरफल कुणाच्या डोळ्यांत खुपत नव्हतं. बियाण्याला, चटणीला लागतील तेवढ्या शेंगा बायका हातानं फोडायच्या; फोलपटं चुलीत किंवा बंबात, उरली तर उकिरड्यावर. यंत्रं आली आणि गिरणीमागे ढीग साचू लागले, कारण क्विंटलभर शेंगांत पंचवीस-तीस किलो टरफलच असतं.

दाण्यांचं तेल काढल्यावर उरणाऱ्या पेंडीचं नशीब टरफलाआधी उघडलं. ढोरांचं खाद्य तर ती होतीच, पण स्कॉटलंडमधल्या डम्फ्रीजला आय.सी.आय. कंपनीनं पेंडीतल्या प्रथिनापासून ‘आर्डिल’ नावाचा लोकरीसारखा धागा काढला. तो काही टिकला नाही, 1957 मध्ये बंद पडला.

टरफलाची अडचण वेगळीच. जळायला उत्तम, राख भाताच्या तुसापेक्षा कितीतरी कमी. पण घनमीटरभर सैल टरफल भरतं जेमतेम शंभर किलो. ट्रक भरायचा आणि भाडं हवेचं द्यायचं! म्हणून ते वीटभट्टीपलीकडे फारसं जात नसे. 1980 नंतर आपल्याकडे दाबयंत्रं रुजू लागली. टरफलाचा भुसा करून तो प्रचंड दाबानं साच्यातून रेटला की घर्षणानं तापतो, त्यातलं लिग्निन मऊ होतं आणि तेच चिकटवतं. वेगळा डिंक लागत नाही. बाहेर पडते ती मनगटाएवढी, तपकिरी, टणक कांडी, पाण्यात टाकली तर बहुधा बुडणारी. रंग तपकिरी असला तरी बाजारात तिला ‘पांढरा कोळसा’च म्हणतात. एवढ्या एका करामतीनं टरफल शंभर किलोमीटरवरच्या बॉयलरला परवडू लागलं.

पुढची उडी सरकारी धोरणाची. ऑक्टोबर 2021 मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयानं औष्णिक केंद्रांना कोळशात पाच टक्के जैवइंधन मिसळणं बंधनकारक केलं. दक्षिण सोलापूर तालुक्यातच, फताटेवाडीला एनटीपीसीचं 1320 मेगावॉटचं केंद्र आहे. अशा केंद्रात कोळसा पिठासारखा दळून जाळतात, त्यामुळे तिथे जाड कांडी चालत नाही, बारीक गोळ्या लागतात. मागणीत भर म्हणून कोंबड्यांच्या शेडवालेही अंथरायला टरफलच मागतात.

शेतकऱ्याच्या शेंगेचा भाव मात्र अजून दाणा किती भरला, शेंग किती वाळली यावरच ठरतो. टरफलाचे पैसे गिरणीवाल्याच्या वहीत जमा होतात.