वर्गात जात पुकारली की…

शिष्यवृत्तीचे फॉर्म आले की वर्गात आवाज येतो, "मागासवर्गीयांनी उभे राहा." पोर उभे राहते. घरी आल्यावर गप्प असते. आपण म्हणतो, याचे अभ्यासात लक्ष नाही.

उत्तर प्रदेशातील एका खेड्यात कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या दोघींनी एक प्रयोग केला. त्यांचा अहवाल २००४ साली आला. ३२१ उच्चवर्णीय आणि ३२१ दलित शाळकरी मुलांना वाट शोधण्याची कोडी घातली. सुटेल त्या कोड्याचे पैसे. जात सांगितली नाही तेव्हा दोन्हीकडची मुले सारखीच ठरली. पण सर्वांसमोर नाव आणि जात वाचून दाखवताच दलित मुले खूपच मागे पडली. मेंदू तोच, हात तोच!

पुढची गोष्ट आम्हाला अधिक बोलकी वाटते. पैसे कुणाला मिळणार हे चिठ्ठीवर सोपवले, तेव्हा जात पुकारूनही फरक उरला नाही. चिठ्ठीला जात कळत नाही ना! म्हणजे अक्कल कमी नव्हती. देणारा माणूस न्याय करील, हा भरवसा नव्हता.

साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेब घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसत. आज गोणपाट गेले, यादीचे वाचन राहिले.

सवलत आपला हक्कच आहे, तो सोडायचा नाही. पण पालकसभेला जाऊन गुरुजींना एवढे जरूर सांगावे: यादी वर्गात वाचू नका, मुलांना एकेक करून ऑफिसात बोलवा. वडिलांची पाळी असेल तर आईने जावे.