व्हिडिओचा जोडधंदा पूर्णवेळ करायचाय? आधी रिकाम्या महिन्यांचा हिशोब मांडा

आमच्या हाताखाली शिकलेला एक मुलगा परवा अब्बांना घेऊन घरी आला. आयटीआय करून अंबडच्या एका कारखान्यात नोकरीला लागलाय. सुट्टीच्या दिवशी लग्नाचं शूटिंग करतो, रात्री जागून एडिटिंग करतो. त्याचा प्रश्न सरळ होता, "सर, नोकरी सोडू का?" अब्बांचं म्हणणं त्याहून सरळ, "सर, तुम्हीच समजवा याला. महिन्याचा पगार सोडून कोणी कॅमेरा गळ्यात घालतो का?"

आज हा प्रश्न नाशिक, मालेगाव, मनमाडच्या बऱ्याच घरांत आहे. मुलांच्या हातात हुनर आहे, आईवडिलांच्या मनात भीती आहे. आमच्या मते दोन्ही बाजूंचं म्हणणं खोटं नाही. म्हणूनच वाद घालण्यापेक्षा हिशोब मांडलेला बरा.

आपल्याच जिल्ह्यातली दोन उदाहरणं

भारतीय सिनेमाचे जनक दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. जन्म १८७०. सिनेमात येण्याआधी त्यांनी फोटोग्राफी केली, छपाईचा व्यवसाय केला. १९१२ मध्ये विम्याची पॉलिसी गहाण ठेवून ते लंडनला गेले आणि काम शिकून आले. परत आल्यावर एकदम मोठा चित्रपट काढला नाही. कुंडीतल्या बीजाला अंकुर फुटून रोप कसं वाढतं, याची छोटीशी फिल्म केली आणि ती दाखवून भांडवल देणारा मिळवला. 'राजा हरिश्चंद्र' त्यानंतर, १९१३ मध्ये आला. आधी नमुना, मग पैसा, मग मोठं काम, असा हा क्रम आहे. पण याच फाळक्यांचे शेवटचे दिवस नाशिकमध्ये हलाखीत गेले, हेही मुलांना सांगायला हवं. नाव झालं म्हणजे घर चाललंच, असं नसतं.

दुसरं उदाहरण मालेगावचं. व्हिडिओ पार्लर चालवणारे नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' केला. सायकलवर कॅमेरा धरून ट्रॉलीचं काम भागवलं. यंत्रमाग कामगार मित्र कलाकार झाले. पुढे 'मालेगाव का सुपरमॅन'मध्ये सुपरमॅन झालेले शफीक हेही मागावरच काम करायचे. त्या धडपडीवर फैजा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला, आणि २०२५ मध्ये रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' देशभर थिएटरात लागला. मालेगावचं नाव दंगली-बॉम्बस्फोटांशिवाय कशासाठी तरी घेतलं गेलं, याचा आम्हाला फार आनंद झाला.

पण शिक्षक म्हणून आम्ही मुलांना एक गोष्ट विचारतो. इतकं कौतुक झालं, मग त्या कलाकारांपैकी किती जणांचा माग सुटला? कला कमी नव्हती. पण गाजलेल्या सिनेमाची नक्कल गावात हसवते, तिच्यावर हक्काचा धंदा उभा राहणं कठीण. आणि दोस्तीत केलेल्या कामाला पगार नसतो. सिनेमा काढणं त्यांना जमलं, त्यावर घर चालवणं अवघड गेलं. आजच्या मुलांनी नेमका हाच दुसरा भाग शिकायचाय.

चाळीस हजारांतले आपले किती?

आम्ही त्या मुलाला कागद-पेन दिलं. समजा, एका लग्नाचे ४०,००० रुपये मिळाले. दुसऱ्या कॅमेरामनचे ६,०००, ड्रोनवाल्याचे ५,०००, एडिटिंग बाहेर दिलं तर ७,०००, प्रवास आणि हार्ड डिस्कचे ३,०००. कॅमेरा-लेन्स झिजतात, बिघडतात, त्यासाठी ४,००० बाजूला. हातात उरले १५,०००. एडिटिंग स्वतः केलं तरी ते ७,००० आपल्या मजुरीचे धरावेत, नफ्याचे नाहीत.

घरखर्च महिन्याला २५,००० असेल तर वर्षाचे तीन लाख झाले. म्हणजे अशी वीस लग्नं हवीत. बाराही महिने लग्नं नसतात. रमजानमध्ये जवळजवळ नाहीतच, मोहर्रममध्ये अनेक घरं टाळतात, पावसाळ्यात दुसऱ्या समाजांतलीही थांबतात. थोडक्यात, सात-आठ महिन्यांत वर्षाची रोजी कमवायची असते. मुलगा गप्प झाला. अब्बा पहिल्यांदा हसले.

मग आम्ही अब्बांनाही सांगितलं, रिकामे महिने भरता येतात. सातपूर-अंबडच्या लहान कारखान्यांना मशीनचे व्हिडिओ लागतात. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदारांना, रोपवाटिकांना, कोचिंग क्लासना, दवाखान्यांना लागतात. २०२७चा सिंहस्थ तोंडावर आहे, त्यातही काम निघेल. महिन्याला चार रील करून देण्याचा वर्षभराचा ठराव एखाद्या दुकानाशी झाला, तर तो दोन लग्नांपेक्षा भरवशाचा. यूट्यूबच्या जाहिरातींवर मात्र घर ठेवू नका. तिथे जाहिरातीचा वाटा सुरू व्हायलाच हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास पाहिलं जाणं लागतं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यू. तो बोनस समजा, पगार नाही.

कागदपत्रं आणि अमानत

जोडधंद्यात तोंडी चालतं, पूर्णवेळ धंद्यात चालत नाही. 'आपलाच माणूस आहे, नंतर बघू' या वाक्याने आपल्या मुलांचं जितकं नुकसान केलं, तितकं महाग कॅमेऱ्यानेही केलं नसेल. बुकिंगला आगाऊ रक्कम, किती तासांचं काम, व्हिडिओ कधी मिळणार, किती वेळा बदल करून देणार, हे एका पानावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. व्हॉट्सअॅपवरचा लेखी होकारही काही नसण्यापेक्षा बरा.

उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते. सेवेची उलाढाल वर्षाला वीस लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. मुद्रा योजनेत 'शिशु' गटात ५०,००० पर्यंत कर्ज मिळतं. व्याज नको असणाऱ्या घरांनी भाड्याच्या कॅमेऱ्याने सुरुवात करावी, किंवा विश्वासातल्या लोकांची भिशी लावावी. कॅमेरा वर्षात जुना होतो, हप्ता तीन वर्षं राहतो.

ड्रोनचं विशेष सांगतो. २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. आपल्या शहराभोवती देवळालीचं तोफखाना केंद्र, ओझरचा विमान कारखाना, नाशिकरोडचा नोटांचा छापखाना आहे. हौसेने उडवलेला ड्रोन थेट पोलीस ठाण्यात नेऊ शकतो. नकाशात तो भाग कोणत्या रंगात आहे, हे आधी पाहा.

सगळ्यात मोठी गोष्ट अमानतीची. कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन करून घेतलेल्या फिल्मचा पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा असतो. दुसऱ्याच्या घरची दुल्हन विचारल्याशिवाय आपल्या इन्स्टाग्रामवर टाकायची नाही. आपल्याकडे तर लेडीज विभागात पुरुष कॅमेरामन नकोच, असं अनेक घरं सांगतात. इथे आपल्या मुलींना मोठी संधी आहे. चांगलं शूटिंग-एडिटिंग येणारी आणि कुणाचा फोटो बाहेर जाऊ न देणारी मुलगी असेल, तर तिला लोक शोधत येतील.

मग नोकरी कधी सोडायची?

त्या संध्याकाळी तिघांनी मिळून चार अटी लिहिल्या. एक, सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला हवा. दोन, कॅमेऱ्याचं देणं फिटलेलं हवं. तीन, लग्नांशिवाय महिन्याचं बांधलेलं काम देणारे किमान दोन ग्राहक हवेत. चार, पूर्ण वर्षाचा हिशोब वहीत हवा, रमजान आणि पावसाळ्यासकट. एका चांगल्या सीझनवर निर्णय नाही.

आता गंमत अशी की वही अब्बा लिहितायत. ज्यांना कॅमेरा म्हणजे वाया गेलेलं पोर वाटायचं, ते आता "त्या वलीम्याचे राहिलेले सात हजार आले का रे?" असं विचारतात. मुलगा अजून कारखान्यात जातोय. दोन अटी पूर्ण झाल्यात, दोन बाकी आहेत.

नोकरी सोडायचा दिवस येईल तेव्हा त्या घरात भांडण होणार नाही, एवढं आम्हाला दिसतंय. पालकांना आमची एवढीच विनंती आहे, मुलाला 'नाही' म्हणण्याआधी एकदा त्याच्याजवळ बसा आणि वही उघडा.