प्रधानाचं कार्ड कोरं का राहिलं?

सहा मित्र, एक पुठ्ठा आणि एक काल्पनिक साम्राज्य. सम्राट ठरला, सेनापती ठरला, खजिनाही भरला. पण राज्य चालवणाऱ्या माणसाला अधिकार किती द्यायचे, यावर कुरुंदवाडच्या घाटावर आमचं गाडं अडलं ते अडलंच.

दिवाळीची सुट्टी होती. इंजिनिअरिंगला असलेल्या आमच्या एका मित्राच्या डोक्यात बोर्ड गेम बनवायचं खूळ शिरलं होतं. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यानं नकाशा काढला होता. सात नद्या, बारा किल्ले, एक राजधानी. साम्राज्याला नाव अजून मिळालं नव्हतं, पण पत्ते तयार होते. आम्ही सहा जण घाटाच्या पायऱ्यांवर बसलो होतो. मध्ये भडंगाचं पुडकं, समोर पंचगंगा आणि पलीकडे नृसिंहवाडीचे दिवे.

"सम्राट मी!" असं चार जण एकदम ओरडले. सेनापतीसाठीही भांडण झालं. 'मुख्य प्रधान' लिहिलेलं कार्ड मात्र कुणीच उचललं नाही. त्यावर नाव होतं, पण खाली काहीच लिहिलेलं नव्हतं.

"हा करतो काय नेमकं?" मी विचारलं.

"तेच सुचेना. सगळे अधिकार दिले तर हाच सम्राट होतोय. नाही दिले तर नुसता कारकून. तू पेपरात आहेस ना? मग काढ की शोधून."

झालं! इंटर्नला काम लावायला संपादकच लागतात असं नाही.

उत्तर पायरीपासूनच सुरू

मला वाटलं, यासाठी इंग्लिश फँटसी सिरीज बघाव्या लागणार. पण आम्ही जिथं बसलो होतो, तिथूनच गोष्ट सुरू होत होती. याच गावात संताजी घोरपडे यांची समाधी आहे असं मानलं जातं. संताजी म्हणजे छत्रपती राजाराम महाराजांचे सेनापती आणि सेनापती म्हणजे अष्टप्रधानांपैकी एक. आमच्या पुठ्ठ्यावरचं एक कार्ड असं आमच्या शेजारीच विसावलं होतं.

आणि गावातला पटवर्धनांचा वाडा? कुरुंदवाड हे पटवर्धनांचं संस्थान. हे पटवर्धन मोठे झाले ते पुण्याच्या पेशव्यांचे सरदार म्हणून. त्यांचे मूळ पुरुष हरभट हे इचलकरंजीच्या घोरपड्यांचे कुलोपाध्याय. त्याच इचलकरंजीच्या घरात बाळाजी विश्वनाथ पेशव्यांची लेक अनुबाई सून म्हणून आली होती. म्हणजे त्या काळच्या 'हेड ऑफ गव्हर्नमेंट'चं सोयरं घर आमच्यापासून एसटीनं तासाभराच्या आत. उत्तर शोधायला लांब जायची गरजच नव्हती.

नियम पहिला : पगार घ्या, वतन नाही

'पेशवा' हा शब्द फारसी. अर्थ पुढे असणारा, अग्रणी. 1674 मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा पदांना संस्कृत नावं मिळाली. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनीसाचा सचिव, डबीराचा सुमंत आणि पेशव्याचा मुख्य प्रधान, म्हणजेच पंतप्रधान. मोरोपंत पिंगळे तेव्हा या पदावर होते. वर्षाचा पगार 15,000 होन.

इथं क्षणभर थांबा. बाकी भारतात बहुतेक ठिकाणी 'प्रधानमंत्री' म्हणतात. आपण मराठीत आजही 'पंतप्रधान' म्हणतो. रोज सकाळी पेपरात छापून येणारा हा शब्द साडेतीनशे वर्षं जुना आहे आणि तो थेट त्या अष्टप्रधानांतून आलाय. मी स्वतः हा शब्द बातम्यांत शंभर वेळा टाईप केला असेल. एकदाही 'पंत' कुठून आला हे डोक्यात आलं नव्हतं.

आता मुद्दा पगाराचा. शिवाजी महाराजांनी प्रधानांना जमिनी तोडून देण्यापेक्षा रोख वेतनावर ठेवायचं धोरण धरलं. जमीन दिली की माणूस मुळं धरतो, मग त्याला हलवता येत नाही. पगार घेणारा मात्र काम करेपर्यंतच पदावर. आमच्या मित्रानं लगेच पहिली ओळ लिहिली : 'प्रधानाला दर फेरीला पगार. किल्ला नाही.'

नियम दुसरा : राजा लांब असेल तर?

"सम्राट मोहिमेवर गेला तर खेळ थांबवायचा का?" एका मैत्रिणीनं विचारलं. हा प्रश्न खराखुरा येऊन गेलाय. 1689 मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, राजाराम महाराजांना जिंजीला जावं लागलं. राजधानी तमिळ मुलखात आणि लढाई सह्याद्रीत. तेव्हा महाराष्ट्रातला कारभार रामचंद्रपंत अमात्यांच्या हाती सोपवला गेला आणि त्यांना 'हुकूमतपनाह' हा किताब मिळाला. जिंजीत प्रल्हाद निराजींसाठी 'प्रतिनिधी' हे पद नव्यानं तयार झालं आणि त्याचा मान पेशव्याच्याही वर ठेवला गेला.

बघा गंमत! पेशवा हे पद कागदावर होतंच, पण राज्य चालवत होते दुसरेच. खुर्ची एकीकडे आणि सत्ता दुसरीकडे असं होऊ शकतं. हेच रामचंद्रपंत पुढे कोल्हापूरच्या गादीकडे राहिले. राज्य कसं करावं हे सांगणारं 'आज्ञापत्र' त्यांच्याच नावावर आहे आणि त्यात प्रधान कसा असावा यावरही विवेचन आहे. गगनबावड्याला ट्रेकला जाताना आपण ज्या भागातून जातो, ती या अमात्यांची बावडा जहागीर. रील काढता काढता एवढं तरी आठवा!

कार्डावर दुसरी ओळ आली : 'सम्राट राजधानीबाहेर असेल तर प्रधान त्याच्या नावानं हुकूम काढू शकतो.' 'त्याच्या नावानं' या शब्दांखाली रेघ मारली. पेशव्यांच्या शिक्क्यातही आधी छत्रपतींचं नाव येई आणि मग स्वतःचं, तेही प्रधान म्हणून.

नियम तिसरा : वस्त्रं कोण देणार?

1713 मध्ये शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद दिलं. 1720 मध्ये ते गेले आणि पद त्यांच्या मुलाला, बाजीरावांना मिळालं. बाजीराव तेव्हा जेमतेम विशीतले, म्हणजे आपल्याच वयाचे. 1740 मध्ये बाजीरावांनंतर त्यांचे पुत्र नानासाहेब. वडिलांचं पद मुलाला मिळणं पिंगळ्यांच्या घरातही झालं होतं, पण आता तो शिरस्ताच पडला. 1749 च्या अखेरीस शाहू महाराज वारले आणि कारभाराचा सगळा भार साताऱ्याहून पुण्याकडे झुकला.

तरीही एक गोष्ट शेवटपर्यंत सुटली नाही. प्रत्येक नव्या पेशव्याला साताऱ्याच्या छत्रपतींकडून पेशवाईची वस्त्रं घ्यावी लागत. सैन्य, खजिना, मुत्सद्दी सगळं पुण्यात. साताऱ्यात फक्त एक सही आणि कपड्यांचं तबक. पण त्याशिवाय पद मिळत नव्हतं.

यातला कळस 1774 चा. आदल्या वर्षी 30 ऑगस्टला शनिवारवाड्यात नारायणरावांचा गारद्यांनी खून केला. त्यांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. पुरंदरावर 18 एप्रिल 1774 ला मुलगा झाला आणि तो चाळीस दिवसांचा असताना त्याला पेशवाईची वस्त्रं मिळाली. तेच सवाई माधवराव. राजा पाळण्यात असल्याच्या गोष्टी जगभर आहेत. इथं राज्यकारभाराचा प्रमुखच पाळण्यात होता! कारभार बारभाईंनी सांभाळला आणि पुढे सगळी सूत्रं नाना फडणवीसांकडे गेली. फडणीस म्हणजे हिशोब आणि कागद सांभाळणारा अधिकारी. राजाच्या नावानं पेशवा आणि पेशव्याच्या नावानं फडणीस.

हे ऐकल्यावर मित्र म्हणाला, "एवढं ट्विस्ट तर मी गेममध्येसुद्धा टाकलं नसतं."

खेळ फसला, तो बरंच झाला

पुढच्या रविवारी आम्ही खेळायला बसलो. वाडीहून कवठाची बर्फी आली होती. प्रधानाचं कार्ड या वेळी एका शांत मित्राला मिळालं. पहिल्या डावात तो जिंकला. दुसऱ्यात कार्ड दुसऱ्याकडे गेलं, तर तो जिंकला. तिसऱ्यात माझ्याकडे आलं आणि मीही जिंकले. सम्राट होणाऱ्याला नुसतं सिंहासन मिळत होतं. पत्ते कुणाकडे किती आहेत, धान्य कुठं आहे, हुकूम कधी काढायचा हे सगळं प्रधानाला ठाऊक. त्याला अडवायचा एकही नियम आम्ही लिहिला नव्हता.

खऱ्या इतिहासातही हेच अडलं. नारायणरावांच्या खुनानंतर रामशास्त्री प्रभुण्यांनी रघुनाथरावांना दोषी ठरवलं, ही गोष्ट आपण शाळेत ऐकलेली आहे. शास्त्रीबोवांची हिंमत मोठीच. पण निकाल अमलात आणणार कोण? ज्याच्याविरुद्ध निकाल, त्याच्याच हाती सत्ता. रामशास्त्री पुणं सोडून गेले. प्रश्न विचारणारा एक माणूस होता, पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला भाग पाडणारी व्यवस्था नव्हती.

आता एक तारीख शेजारी ठेवू. बाजीराव पेशवे झाले 1720 मध्ये. 1721 मध्ये इंग्लंडमध्ये रॉबर्ट वॉलपोल कारभाराचा प्रमुख झाला. ब्रिटनचा पहिला पंतप्रधान म्हणून त्याचंच नाव घेतात. दोन्हीकडे राजा वर, कारभारी खाली आणि खरा जोर कारभाऱ्याचा. वर्षाचं अंतर. वॉलपोलचं इंग्लंडही काही आदर्श नव्हतं. मतदानाचा हक्क मूठभरांना आणि लाचलुचपत भरपूर. पण 1742 मध्ये कॉमन्स सभागृहातलं बहुमत निसटलं आणि वॉलपोलला पद सोडावं लागलं. मुलाला खुर्ची मिळाली नाही आणि वाड्यात तलवारही निघाली नाही.

आपल्याकडे पेशवा कर्तबगार असला की राज्य पसरायचं आणि नसला की गडगडायचं. दोन्ही वेळा त्याला बदलण्याचा सरळ रस्ता नव्हता. 1818 च्या जूनमध्ये दुसरे बाजीराव इंग्रजांना शरण गेले, वर्षाला आठ लाखांच्या पेन्शनवर बिठूरला गेले आणि ते पदच संपलं. त्यांच्या सरदारांची छोटी संस्थानं मात्र राहिली. कुरुंदवाडचं संस्थान थेट 8 मार्च 1948 ला मुंबई राज्यात विलीन झालं.

आज आपल्या संविधानात कलम 75 म्हणतं, की मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार असेल. पाठ करताना रटाळ वाटणारं हे वाक्य. पण 17 एप्रिल 1999 ला वाजपेयी सरकार एका मतानं पडलं तेव्हा या वाक्यानं काम केलं. एक मत! बाजू कुठलीही असो, रक्त न सांडता कारभारी बदलता येणं ही माणसानं फार उशिरा शिकलेली गोष्ट आहे.

माझ्याकडची यादी

हे सगळं लिहिताना मला 2021 चा जुलै आठवत राहिला. पुराचं पाणी गल्लीत शिरलं होतं. पाणी उतरल्यावर आम्ही पोरापोरींनी मदतीचे किट वाटायला घेतले. अध्यक्ष म्हणून गल्लीतल्या एका काकांचं नाव होतं. पण यादी माझ्या मोबाईलमध्ये होती. कुणाच्या घरी किट गेलं, कुणाच्या राहिलं, हे फक्त मला माहीत. तेव्हा अठरा वर्षांची होते. दोन दिवस नीट जेवलेही नव्हते आणि मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता.

तिसऱ्या दिवशी मागच्या बोळातल्या एक आजी आल्या. म्हणाल्या, "बाळ, आमचं नाव न्हाई व्हय त्यात? दाव की जरा यादी."

मी चिडले. "आजी, आम्ही काय फुकट पळतोय का? येईल तुमचं, थांबा जरा." यादी दाखवली नाही. रात्री बघितलं तर त्या अख्ख्या बोळातली चार घरं माझ्याकडून सुटली होती. दुसऱ्या दिवशी किट पोचले. आजींनी काहीच बोलून दाखवलं नाही. तेच जास्त लागलं.

मी चोरी केली नव्हती. माझी नियत साफ होती. पण यादी एकटीकडे होती आणि 'दाखव' म्हणणाऱ्याचा मला राग आला होता. अधिकार हातात आला की काय होतं, हे कळायला साम्राज्य लागत नाही. एक मोबाईल पुरतो.

तुमच्याही आसपास बघा. गॅदरिंगची कमिटी, गणपतीचं मंडळ, हॉस्टेलची मेस, ट्रिपचा व्हॉट्सॲप ग्रुप. अध्यक्षाचा फोटो फ्लेक्सवर असतो. वही कुणाकडे असते? आणि ती वही बघायला मागितली, तर तोंडं वाकडी होतात की वही समोर येते?

आमच्या गेममध्ये आता एक नवं कार्ड आलंय. नाव 'हिशोब'. ते कुठल्याही खेळाडूला, अगदी एकच किल्ला असलेल्यालाही, डावात एकदा टाकता येतं. ते पडलं की प्रधानानं आपले सगळे पत्ते उघडे करायचे आणि बाकीच्यांनी मत देऊन ठरवायचं, हा राहणार की जाणार. हे कार्ड आल्यापासून प्रधान दर वेळी जिंकत नाही. डाव लांबतो, भांडणं वाढलीत, पण मजा जास्त येते.

साम्राज्याला नाव अजून मिळालेलं नाही. 'हिशोब' कार्डावर चित्र कुणाचं काढायचं, हे मात्र मी सांगितलंय. नऊवारीतली एक आजी, हात पुढे केलेला.