चिठ्ठीत निघेल तो घोडा

अमेरिकेतल्या बहुतेक कॉलेजांच्या घोडेस्वारी स्पर्धांत स्वार स्वतःचा घोडा आणत नाही. घोडे यजमान कॉलेजचे असतात. चिठ्ठी काढायची, तिच्यात निघेल त्या घोड्यावर बसायचं, रिकिबी मापाला लावायच्या आणि थेट परीक्षकासमोर जायचं. सरावाची एक फेरीही मिळत नाही.

१९६७ मध्ये फेअर्ली डिकिन्सन विद्यापीठातल्या बॉब काचिओनी या विद्यार्थ्याने ही पद्धत रुजवली. स्वतःचा घोडा पाळणं न परवडणाऱ्यालाही कॉलेजकडून उतरता यावं, हा हेतू. त्यातून उभ्या राहिलेल्या इंटरकॉलेजिएट हॉर्स शोज असोसिएशनमध्ये आज शेकडो कॉलेजं आहेत.

या एका नियमाने प्रशिक्षकाचं काम पालटतं. खासगी प्रशिक्षक एका स्वाराची एका घोड्याशी वर्षानुवर्षं जोडी जमवतो. कॉलेजच्या प्रशिक्षकाला मात्र अनोळखी घोडा दोन मिनिटांत ओळखणारे स्वार हवे असतात. म्हणून सरावात घोडे सतत बदलायचे: आज आळशी, उद्या तापट, परवा लगामाला दाद न देणारा. स्पर्धेच्या सकाळी यजमानांचे स्वार घोडे फिरवून दाखवतात, तेव्हा सगळा संघ कठड्याशी उभा राहून टिपून घेतो, कोण वळणावर आत झुकतो आणि कोणाला टाच खपत नाही.

खरा डाव गुणांचा. कौशल्यानुसार पाडलेल्या प्रत्येक गटात संघाच्या एकाच स्वाराचे गुण धरतात आणि त्याचं नाव प्रशिक्षकाला स्पर्धा सुरू होण्याआधीच द्यावं लागतं. पहिल्याला ७, दुसऱ्याला ५, मग ४, ३, २, १. गंमत अशी, की नुसती साधी आणि दुडकी चाल शिकलेल्या नवख्याचे ७ आणि अडथळ्यांवरून उडी मारणाऱ्या पट्टीच्या स्वाराचे ७ सारखेच मोजतात. नवख्यांकडे दुर्लक्ष करणारा प्रशिक्षक इथे हरतोच.

जॉर्जिया, ऑबर्नसारख्या मोठ्या विद्यापीठांचा खेळ वेगळा. तो फक्त मुलींचा. दोन संघांच्या दोघी एकाच घोड्यावर आळीपाळीने स्वारी करतात. जिला जास्त गुण, तिचा एक गुण संघाला. तिथे शिष्यवृत्त्या आहेत, पूर्णवेळ पगारी प्रशिक्षक आहेत.

लहान कॉलेजांत प्रशिक्षकच बरेचदा पागाही सांभाळतो. नालबंद, पशुवैद्य, चाऱ्याची बिलं, शिवाय देणगीत आलेले घोडे पारखणं. फुकट मिळालेल्या घोड्यालाही रोज खायला लागतं, तेव्हा देखण्या पण बिथरणाऱ्या तरुण घोड्याला नकार देऊन पंधरा वर्षांचा शांत घोडा ठेवून घेणं हेच शहाणपणाचं. एवढी जबाबदारी असूनही बहुतेक राज्यांत घोडेस्वारी शिकवायला सरकारी परवाना लागत नाही. मॅसॅच्युसेट्स हा अपवाद. संस्थांची प्रमाणपत्रं ऐच्छिक आहेत.

तुमच्या घरातलं कोणी शिकायला अमेरिकेत निघालं असेल, तर त्या कॉलेजात असा चिठ्ठीच्या स्पर्धांत उतरणारा संघ आहे का, हे जरूर विचारा. घोड्यावर कधी बसलेलो नाही, ही तिथे अडचण नाही. अशांसाठी वेगळा गटच आहे.